सम्यक आजीविका आणि व्यवसायबदल

हाती असलेली नोकरी सोडून नवा उद्योग धरावा काय, या विचारात असलेल्या उपासकास सम्यक आजीविका कोणती दिशा देते, ते आम्ही येथे पाहणार आहोत.

व्यवसाय बदलण्याची मोकळीक आमच्या समाजास सहज लाभलेली नाही. वतनाने महारकी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात बांधली होती. तो वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. जातिव्यवस्था धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीस कारण होते, हे त्यांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. म्हणूनच व्यवसाय बदलणाऱ्यास आम्ही चंचल म्हणत नाही.

मात्र निवडीस कसोटी हवी. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात शस्त्रे, सजीव, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकास वर्ज्य सांगितला आहे. त्याच निकायातील व्यग्घपज्ज सुत्त चार गोष्टी सांगते: कौशल्यपूर्ण उद्यम, मिळकतीचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आयव्ययाचा समतोल.

तेव्हा या कामाने कोणाचे अहित होत नाही ना, आणि घर नीट चालेल ना, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावेत. एकाचे उत्तर टाळून मिळविलेले समाधान टिकत नाही.