विंचूर परिसरात विजेची आणि प्लॅस्टिकची काटकसर

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड तालुक्यात विंचूर हे गाव आहे. एके काळी सरदार विंचूरकरांच्या जहागिरीचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज कांदा आणि द्राक्षे या दोन पिकांमुळे सर्वांस परिचित आहे. लासलगाव कृषि उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो, आणि द्राक्षांपासून वाइन तयार करणाऱ्या उद्योगांसाठी औद्योगिक क्षेत्रही गावानजीक उभे राहिले आहे. या साऱ्या उत्पन्नाचे मूळ पाण्यात आहे. पालखेडच्या डाव्या कालव्याचे पाणी निफाड व येवला या तालुक्यांना मिळत असले तरी ते पाळीनेच मिळते. बाकीची भिस्त विहिरीवर, कूपनलिकेवर आणि शेततळ्यावर, म्हणजेच पर्यायाने विजेच्या मोटारीवर असते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शेतीत प्लॅस्टिकने मोठी जागा व्यापली आहे. ठिबकच्या नळ्या, भाजीपाल्याच्या गादीवाफ्यांवरील मल्चिंगचा कागद, शेततळ्याचे अस्तर, द्राक्षबागेवरील आच्छादन, कांद्याच्या जाळीदार गोण्या, औषधांच्या बाटल्या, खतांच्या पिशव्या अशी ही यादी बरीच वाढविता येईल. यांपैकी पुष्कळशा वस्तू काम संपल्यावर बांधावर पडतात. वैशाखाचे वारे सुटले की त्यांचे तुकडे कुंपणाला आणि बाभळींना लटकलेले दिसतात, आणि पहिल्या पावसाबरोबर ते ओढ्यात जातात. याच निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. जानेवारी २०२० मध्ये तो रामसर यादीत समाविष्ट झाला. हा मान मिळविणारे महाराष्ट्रातील ते पहिलेच पाणथळ क्षेत्र होय. तालुक्यातील कचऱ्याचा विचार करताना याचे स्मरण ठेवणे जरूर आहे.

शहरात ‘प्लॅस्टिक वापरू नका’ असा उपदेश केला जातो. शेतकऱ्यास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. ठिबकची नळी आणि मल्चिंगचा कागद पाणी वाचवितात, आणि जेवढे पाणी वाचते तेवढे ते विहिरीतून उपसावे लागत नाही. याचा अर्थ असा की शिवारातील प्लॅस्टिक हेच विजेची बचत करणारे एक साधन आहे. ते टाकून द्या म्हणणे म्हणजे पाटाने पाणी सोडून मोटार दुप्पट वेळ चालवा म्हणण्यासारखे होईल. तेव्हा वीज आणि प्लॅस्टिक यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत न ठेवता एकाच वहीत ठेवावा, हे युक्त होय. जे प्लॅस्टिक पाणी राखते ते अधिक काळ टिकवावे व शेवटी मोजून परत काढावे. जे काहीच राखत नाही ते शिवारात येऊच देऊ नये.

बिल नाही, मग बचत कशाची?

राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे गावात बचतीचा विषय काढणाऱ्या कार्यकर्त्यास हा प्रश्न हमखास विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उडवाउडवीचे उत्तर देऊ नये.

शेतकऱ्यास आज पैशापेक्षा तास कमी पडतात. कृषिपंपांचा वीजपुरवठा दिवसाकाठी ठरावीक तासच असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो पाळीने रात्री येतो. निफाड तालुक्यात ऊस आणि बागांच्या आडोशाने बिबट्याचा वावर असतो. रात्री पाणी भरावयास जाणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे, हे येथील कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा स्थितीत जी मोटार आठ तासांत करावयाचे काम चार तासांत उरकते, तिचे मोल बिलावर अवलंबून राहत नाही.

हे कसे घडते ते पाहू. एका एकरावर ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २० हजार लिटर पाणी लागते; पाच दिवसांचे झाले एक लाख लिटर. एवढे पाणी २० मीटर उंचीवर चढविण्यास शास्त्राच्या हिशेबाने सुमारे साडेपाच युनिट वीज पुरावी. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि पाइप यांत काही भाग वाया जातोच. संचाची एकूण कार्यक्षमता निम्मी, म्हणजे ५० टक्के, असेल तर ११ युनिट लागतात. ती २५ टक्क्यांवर आली असेल तर २२ लागतात. विहीर तीच, पीक तेच आणि पाणीही तेच. जास्तीचे ११ युनिट केवळ झिजलेल्या पंख्यात, अरुंद पाइपात आणि तुंबलेल्या फुटव्हॉल्व्हमध्ये जातात.

यांतील पाइपाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मोटार घेताना चार दुकाने हिंडणारा शेतकरी पाइप मात्र जो हाती लागेल तो जोडतो. तेवढेच पाणी दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेले तर घर्षणात होणारा नाश सुमारे एकतृतीयांशावर येतो. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरावा. फुटव्हॉल्व्हची भोके मोठी व मोकळी असावीत. पाइपाचे तोंड हौदाच्या काठाहून वीतभर वर असले की पुरे. पाणी लांबून पडताना शोभिवंत दिसावे म्हणून ते पुरुषभर उंच नेण्याची जी हौस काही ठिकाणी दिसते, तिची किंमत मोटार रोज मोजत असते.

ठिबक संच असणाऱ्यांनी गाळणीकडे, म्हणजे फिल्टरकडे, पाहावे. गाळणीच्या आधीचा व नंतरचा असे दोन दाबमापक असतात. त्यांच्या वाचनात चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचा फरक पडला, तर मोटार पाणी आणखी पाच मीटर उंच चढवीत आहे असे समजावे. गाळणी धुण्यास थोडाच वेळ लागतो. दाबमापक बंद पडला असेल तर तो आधी बदलावा. ठिबक संचात एवढ्या अल्प खर्चाचे आणि एवढ्या उपयोगाचे दुसरे काही नाही.

रोहित्र जळणे ही तर सर्वांच्या परिचयाची आपत्ती. ऐन द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरण्याच्या वेळी डीपी जळाली तर हातचे पीक जाण्याची पाळी येते. याचे एक कारण ऑटोस्विच होय. वीज येताच त्या डीपीवरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. रात्री विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकरी ऑटोस्विच बसवितो, त्याची अडचण खरी आहे; त्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून सुरू होण्याच्या वेळा काही मिनिटांच्या अंतराने लावून घ्याव्यात. तसे टायमर मिळतात. जोडीस प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. तीन अश्वशक्तीस १, पाच अश्वशक्तीस २ आणि साडेसात अश्वशक्तीस ३ केव्हीएआर असे साधारण प्रमाण आहे. त्यायोगे तारांतील प्रवाह कमी होऊन रोहित्रावरील भार हलका होतो. एकट्याने बसविल्यास फारसा गुण दिसत नाही, म्हणून हे काम डीपीवार हाती घ्यावे.

राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. सौरपंप दिवसा चालतो, हा त्याचा मोठाच गुण. मात्र ऊन जेवढे तेवढीच त्याची शक्ती. अरुंद पाइप आणि तुंबलेली गाळणी यांची शिक्षा तेथे ताबडतोब मिळते.

पाणी न दिल्याने होणारी बचतही विसरू नये. उन्हाळ कांद्याचे पाणी काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे तोडले तर मान चांगली वाळते व कांदा चाळीत टिकतो. शेवटचे एक पाणी देऊन वजन वाढविण्याचा मोह पुष्कळांना होतो. असे वाढविलेले वजन चाळीत सडून जाते, आणि वीज गेली ती गेलीच. कांदाचाळ ही स्वतः एक बिनविजेची कोठी आहे. खालून व बाजूंनी वारा खेळता असला की तिला दुसरे काही लागत नाही. अवकाळी पावसात चाळीस लावलेला प्लॅस्टिकचा कागद पाऊस उघडताच काढावा. तो तसाच राहिल्यास आत वाफ धरून कांदा पिवळा पडतो व सुटतो.

कागद कधी आणि कसा काढावा

टोमॅटो, मिरची, टरबूज यांसाठी गादीवाफ्यावर अंथरला जाणारा कागद बहुधा २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. पाच फुटी वाफे आणि चार फूट रुंदीचा २५ मायक्रॉनचा कागद धरला, तर एका एकरात सुमारे ७० ते ७५ किलो प्लॅस्टिक अंथरले जाते. वरून हा कागद दिसतो त्याहून कितीतरी अधिक तो असतो! दोन-तीन हंगाम तो नांगरटीत मिसळू दिला की त्याच्या चिंध्या मुळांच्या आणि पाण्याच्या वाटेत येतात. पुढे त्या वेचणे कोणासही शक्य होत नाही.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, ही येथील मुख्य गोष्ट. कागद ठिसूळ होण्यापूर्वी काढला तर लांबच लांब पट्टा निघतो. उशीर झाल्यास मुठीत तुकडे येतात. म्हणून शेवटचा तोडा होताच झाडे बुंध्याशी कापावीत, ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्याव्यात, आणि जमीन वाफशावर असताना दोन्ही कडांची माती मोकळी करून कागद ओढावा. चिखलात काढल्यास माती चिकटून येते आणि कोरड्या ढेकळांत काढल्यास कागद फाटतो. माती झटकून, सुकवून त्याचे गठ्ठे बांधावेत. मातीने लडबडलेला कागद भंगारात घेण्यास कोणी सहसा तयार होत नाही, आणि तोच पुढे बांधावर पेटविला जातो.

कागद सुस्थितीत असेल तर टोमॅटो निघाल्यावर त्याच वाफ्यावर काकडी किंवा कारले घ्यावे. दोन पिकांस एकच कागद झाला की त्या ७५ किलोंचा भार दोन हंगामांत वाटला जातो. याच कारणाने फार पातळ, स्वस्त कागद शेवटी महाग पडतो.

ठिबकच्या नळ्या नीट सांभाळल्यास वर्षानुवर्षे चालतात. कांद्यासाठी अंथरलेल्या नळ्या काढणीनंतर धुऊन, उंदीर लागणार नाहीत अशा जागी सावलीत टांगाव्यात. शेततळ्याचे जाड अस्तर फाटले म्हणून सर्वच निकामी होत नाही. फाटका भाग वगळून उरलेला कापून खळ्यावर व कडबा झाकण्यास वापरता येतो. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची गोष्ट निराळी. त्या तीन वेळा विसळाव्यात, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, आणि बाटलीस भोके पाडून ती वेगळ्या गोणीत ठेवावी. त्यांत तेल अथवा पिण्याचे पाणी भरण्याची चूक कधीही होऊ देऊ नये.

प्लॅस्टिक जाळू नये, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. बांधावर अर्धवट जळणाऱ्या कागदातून काजळी व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. पाण्याच्या पाइपांचे पीव्हीसी जाळल्यास तर डोळ्यांना व छातीला झोंबणारा आम्लवायू आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्ये तयार होतात. हिवाळ्यात शेकोटीत पाइपाचे तुकडे टाकणारे घर आपल्याच लेकरांना तो धूर पाजीत असते.

गावाने करावयाचे काम

घरगुती प्लॅस्टिकपैकी मोठा भाग कोणतेच पाणी वा पीक राखत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घालण्यात आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही आठवडे बाजारात पिशवी मागणारा आणि देणारा दोघेही भेटतात. कापडी पिशवी घरून न्यावी, लग्नकार्यात पत्रावळी व स्टीलचे पेले वापरावेत, एवढ्याने बरेच साधते. बचत गटांनी भांड्यांचा संच ठेवून तो अल्प भाड्याने दिल्यास लग्नघराचाही खर्च वाचेल. घरात साठ वॉटच्या जुन्या दिव्याऐवजी नऊ वॉटचा एलईडी लावावा. घरगुती विजेचे बिल मोफत नाही.

शेतातील कागद व नळ्या मात्र एकेका शेतकऱ्याकडून विकल्या जात नाहीत, कारण दोन गठ्ठ्यांसाठी गाडी कोणी पाठवीत नाही. ग्रामपंचायतीने गावाबाहेर एक पत्र्याची शेड नेमून द्यावी. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाइप यांचे ढीग तेथे वेगळे असावेत, कारण मिसळलेल्या प्लॅस्टिकला भाव येत नाही. औषधांच्या बाटल्या कुलुपात राहतील अशी सोय स्वतंत्र करावी. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. गोळा झालेला माल तेथे कोणत्या अटींवर घेतला जाईल, हे पंचायत समितीकडे आधीच विचारून ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यासाठी मे महिना धरावा. उन्हाळ कांदा तोवर चाळीत गेलेला असतो, उन्हाळी भाजीपाल्याचे वाफे मोकळे होत असतात, द्राक्षाची खरड छाटणी आटोपलेली असते, आणि विहिरीचे पाणी सर्वांत खोल गेलेले असल्याने कोणाची मोटार किती वेळ चालते हे त्याला स्वतःलाच ठाऊक असते. एका दिवशी एकाच डीपीवरील शेतकरी घ्यावेत. सकाळी त्यांचे फुटव्हॉल्व्ह, गाळण्या आणि कपॅसिटर पाहावेत; दुपारनंतर त्याच वस्तीवरून ट्रॅक्टरची ट्रॉली फिरवून कागदाचे गठ्ठे शेडवर आणावेत. प्रत्येकाचे वजन वहीत मांडावे, आणि त्याने अंथरलेल्या कागदाची बंडले किती होती हेही त्यापुढे लिहून ठेवावे. वापरलेल्या कागदाचे वजन मातीमुळे थोडे जास्तच भरावयास पाहिजे. ते कमी भरले, तर उरलेला कागद अजून शेतात आहे असे समजून मृगाच्या पेरणीपूर्वी त्या शेतात आणखी एक फेरी करावी.