चौकुळचा चतुर आणि लाल यादीचं गणित

सिंधुदुर्गात आंबोलीला लागून असलेल्या चौकुळ गावावरून २०२२ मध्ये एका चतुराला नाव मिळालं: बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. बहुतेक चतुरांचे टपोरे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. याच्या कुळात मात्र दोन्हींमध्ये स्पष्ट फट राहते. आयुष्याचा बराच काळ याची पिल्लं पाण्याखाली, तळाच्या वाळूत-गाळात रुतून काढतात. पंख फुटून हवेत येतात ते थोड्या काळापुरते. तेव्हा असा चतुर वाचवायचा म्हणजे मुळात ओढ्याचा तळ वाचवायचा, आणि तोही लाल यादीतल्या शिक्क्याची वाट न पाहता.

शिक्का लवकर का मिळत नाही, हे धोक्यातल्या जातींची ही यादी करणाऱ्या आययूसीएनच्या नियमांतच आहे. एखाद्या जातीचं वावरक्षेत्र १० चौरस किलोमीटरच्या आत असेल, तर ती 'अतिसंकटग्रस्त' ठरू शकते. मोजणी सहसा २ बाय २ किलोमीटरच्या चौकटींनी होते. म्हणजे एकाच ठिकाणी सापडलेल्या किड्याच्या वाट्याला ४ चौरस किलोमीटर येतात. पण क्षेत्र लहान असून भागत नाही. मोजकी किंवा तुटक ठिकाणं, सतत होणारी घट, टोकाचे चढउतार, यांतल्या दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट अधिवासाच्या अवस्थेवरून अनुमानानेही धरता येते. मात्र त्यासाठीही त्या ओढ्यावर कुणाची तरी नजर हवी. ती नसली की किडा 'अपुरी माहिती' या रकान्यात जातो, आणि हा रकाना 'धोका नाही' असा वाचला जातो. तसं वाचणं साफ चूक आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की क्षेत्र लहान नसेलच, शोध तोकडा असेल. रानपिंगळ्याचं उदाहरण त्याच बाजूचं आहे. १८८४ नंतर हरवलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, पुढे मेळघाट, तानसा अशा ठिकाणीही सापडला आणि २०१८ मध्ये त्याची श्रेणी एक पायरी खाली आली. पण ती 'संकटग्रस्त'पर्यंतच! शिवाय नव्या जागा सापडायच्या तर तिथलं रान तोवर टिकलेलं असावं लागतं. चतुर आणखी कुठे मिळालाच, तर आज ओढा जपल्याने कुणाचं काय बिघडलं?

बिघडेल, असं म्हणणारे आहेतच: एका किड्यासाठी गावाची कामं अडवायची का? अभयारण्य मागितलं तर ही भीती खरी ठरेल. पण आंबोलीतच वेगळा मार्ग निघाला आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. त्याचं क्षेत्र आहे २.११ हेक्टर. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, आणि गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची तरतूद त्यातच आहे. ओढ्यातली वाळू उपसू नये, काठची झाडं तोडू नयेत, एवढं ठरवायला अशा समितीला लाल यादीचा दाखला लागत नाही.