संगणक घ्यावा तरी केव्हा?

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान शाखेतील मित्रांनी हा लेख वाचून हसू नये, आणि हसू आलेच तर चूक दाखवून मग हसावे, एवढी सुरुवातीलाच विनंती. संगणकाच्या आतल्या भागांवर लिहिण्याचा अधिकार मला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. तो मला आमच्या घरात झालेल्या एका नुकसानीने दिला आहे. एक साधा प्रोसेसर घ्यायला आम्ही अठरा महिने लावले, आणि ते अठरा महिने माझ्यामुळे गेले. महाविद्यालयातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, म्हणून जे कळले ते मांडतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार आहेत. ताई बारावीनंतर शिकली नाही. त्या वर्षी बाबांचा पाय दुखावला, तेव्हा तिने मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आणि पनवेलच्या न्यायालयाजवळच्या वकिलांची कामे घरी आणायला सुरुवात केली. करारनामे, प्रतिज्ञापत्रे, वाटणीपत्रे, लेखी कैफियती. माझी फी त्यातूनच भरली जाते. तिचा संगणक २०१९ साली जुना म्हणून विकत घेतलेला. सकाळी बटण दाबायचे आणि चहा टाकायचा. चहा पिऊन होईपर्यंत तो जागा व्हायचा.

जून २०२४ मध्ये नवा घ्यायचे ठरले. भिशीचे तीस हजार आले होते. ताई मला म्हणाली, “तू शिकलेला आहेस, तूच चौकशी कर.” इथून माझ्या शहाणपणाला सुरुवात झाली.

आधी प्रोसेसर म्हणजे काय ते सांगतो. संगणकातील सर्व आकडेमोड आणि आज्ञापालन करणारी ही नखाएवढी सिलिकॉनची चकती. तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म विजेचे दरवाजे कोरलेले असतात. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या प्रोसेसरवर असे सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरवर ते अब्जावधी असतात. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली असे अनुमान मांडले की एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी तो काळ दोन वर्षांचा केला. ‘थांबलो तर त्याच पैशांत अधिक चांगले मिळेल’ ही जी आपली समजूत आहे, तिचे मूळ इथे आहे. ती पुष्कळ वर्षे खरीही ठरली.

आता ‘पिढी’. इंटेलच्या नावातच पिढी लपलेली असे. आय-थ्री ४१३० यातला पहिला आकडा चार, म्हणजे चौथी पिढी, सन २०१३. आय-फाइव्ह १२४०० यातले पहिले दोन आकडे बारा, म्हणजे बारावी पिढी. अलीकडे इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ असे नवे नाव सुरू केले आहे, आणि एएमडी कंपनीच्या रायझनचे आकडे निराळे. पण पिढीचा आकडा वाढला म्हणून कामाचा वेग तितकाच वाढला असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आलेली इंटेलची चौदावी पिढी ही बहुतांशी तेराव्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती होती. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आणावी, मुखपृष्ठ बदलावे आणि आत दोन प्रकरणांची फक्त उजळणी असावी, तसा तो प्रकार.

दुसरी गोष्ट सॉकेटची. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची ती खोबण, जिच्यात प्रोसेसर बसतो. खोबण बदलली की मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि पुष्कळदा मेमरीही. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला एकच खोबण चालली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्राची डेस्कटॉप मालिका आली तेव्हा ती बदलली. एएमडीने २०१७ मध्ये रायझन आणले तेव्हाची खोबण अनेक वर्षे टिकवली आणि २०२२ मध्ये नवी काढली. त्या नवीला डीडीआर-५ जातीची मेमरीच लागते. म्हणून नव्या पिढीची किंमत विचारताना एकट्या प्रोसेसरची विचारून भागत नाही. नवरीबरोबर वऱ्हाडाचाही खर्च मांडावा लागतो.

हे सारे मी जून २०२४ मध्ये वाचून काढले आणि ताईला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. पनवेलहून कुर्ला, मग दादर, अशा गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरायचे. दुकानदाराने ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, काम काय करणार?” ताई म्हणाली, “मराठी टायपिंग, छपाई, आणि स्कॅन केलेले दस्त उघडायचे.” त्याने आय-फाइव्ह १२४०० चा अंदाज दिला: मदरबोर्ड, सोळा जीबी मेमरी, एसएसडी, पेटी, सगळे धरून तीस हजार. ताईने पिशवीला हात घातला. मी म्हणालो, “थांब. ही बारावी पिढी २०२१ ची आहे. दोन-चार महिन्यांत नवी येतेय. तेव्हा ही तरी स्वस्त होईल.” दुकानदार हसला. “दादा, नवा माल तर येतच राहणार,” एवढेच म्हणाला.

आम्ही परत आलो. ऑक्टोबरमध्ये नवी पिढी आली, पण ती महाग होती. मग मी म्हणालो, जानेवारीत तिचे स्वस्त प्रकार येतील. जानेवारी २०२५ मध्ये तेही आले. मग म्हणालो, दर जरा उतरू देत. सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी होणार असे ऐकले, तेव्हा त्याची वाट पाहिली. पण संगणकावर आधीच अठरा टक्के कर होता आणि २२ सप्टेंबर २०२५ नंतरही तो तेवढाच राहिला. मग दिवाळीची सूट. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण मी चौथीत पाठ केली होती. तिचा अर्थ मला द्वितीय वर्षात कळला.

मधल्या काळात काय झाले ते सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ताई एका वकिलांची लेखी कैफियत टाइप करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्यायालयात द्यायची होती. रात्री अकराला संगणक अडकला, तो पहाटे दोनला सुरू झाला, आणि शेवटची नऊ पाने गेली. ताईने ती पुन्हा टाइप केली, पण छपाईला उशीर झाला. ते वकील काही बोलले नाहीत, पण त्यांनी पुन्हा काम दिले नाही. त्या सकाळी ताईनेही मला काही म्हटले नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

आता एक मोठे उदाहरण घेतो, म्हणजे प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही हे दिसेल. १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता आणि अमेरिकेकडून तो मिळण्यात अनेक अडथळे येत होते. तेव्हा १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे तीस कोटी रुपये, एवढ्यात महासंगणक करून दाखवायचा होता. जगातला सर्वांत वेगवान प्रोसेसर हाती येईल तेव्हा सुरुवात करू, असे म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी बाजारात मिळत असलेला इन्मॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्यूटर घेतला, असे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेतले, आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला.

पुढची गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. इन्मॉसने टी-९००० हा पुढचा ट्रान्सप्यूटर जाहीर केला होता. तो रखडत गेला आणि सांगितलेला वेग त्याने गाठला नाही. सीडॅकने पुढच्या यंत्रांत दुसऱ्या कंपन्यांचे प्रोसेसर वापरले. १९९४ च्या परम ९००० ची रचनाच अशी ठेवली की वेगवेगळे प्रोसेसर तीत बसवता यावेत. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांत सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा असे प्रोसेसर वापरले गेले. यातून मी दोन गोष्टी घेतो. जाहीर झालेला प्रोसेसर आणि हातात आलेला प्रोसेसर या दोन भिन्न वस्तू आहेत. आणि पुढे बदल करायला जागा ठेवली, तर आज घेतलेली वस्तू उद्या अगदीच वाया जात नाही.

नवे म्हणजे निर्दोष, असेही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर विद्युतदाब घेऊन अस्थिर होतात, ही तक्रार २०२४ मध्ये जगभर गाजली. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. तेरावी पिढी बाजारात आली होती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे दोष उघड व्हायला आणि त्यावर उपाय मिळायला इतका काळ जातो. जुनी, वापरून पारखलेली पिढी घेणारा माणूस मागासलेला नसतो.

मग थांबणे नेहमीच चूक का? तसे नाही. हातातले यंत्र काम भागवत असेल, नव्या पिढीची विक्रीची तारीख जाहीर झालेली असेल आणि ती चार-सहा आठवड्यांवर असेल, तर थांबावे. नवी येताच आधीच्या पिढीचे दर पुष्कळदा उतरतात. पण तारीख नसलेल्या अफवेवर थांबू नये. आणि कामच अडले असेल तर तारीख असूनही थांबू नये. कारण थांबण्याला किंमत पडते. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘संधीचा खर्च’ शिकवला, तेव्हा मी तो परीक्षेपुरता लिहून घेतला होता.

आमचा हिशेब असा. ताई परत पाठवलेली कामे वहीत लिहून ठेवते. यंत्र चालेना म्हणून सोडलेल्या कामांची बेरीज सरासरी महिना चौदाशे रुपये येते. अठरा महिन्यांचे झाले पंचवीस हजार दोनशे. आणि थांबून वाचवले काय? डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो तेव्हा प्रोसेसर अठराशे रुपयांनी उतरला होता. पण दरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मेमरीची मागणी वाढली, कारखान्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले, आणि साध्या संगणकाची मेमरी दुपटीहून महाग झाली. सोळा जीबीला आम्हाला साडेपाच हजार जास्त पडले. तीस हजारांचा संगणक तेहतीस हजार सातशेला घेतला. प्रोसेसर कोणता, हे वाचकांनी ओळखले असेलच. आय-फाइव्ह १२४००. तोच.

आणखी थांबणे शक्यही नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. विंडोज ११ साठी साधारणतः इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आमचा होता चौथ्या पिढीचा. जुना संगणक घेऊ पाहणाऱ्या मित्रांनी हा आकडा जरूर पाहावा. स्वस्त मिळतो म्हणून सहावी-सातवी पिढी घेतली, तर आज वाचलेले पैसे उद्या जातात. फक्त लेखन-वाचन करायचे असेल आणि शिकण्याची तयारी असेल, तर अशा जुन्या यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालते, हाही एक मार्ग आहे. आमचे जुने यंत्र आता त्यावरच चालते आणि मी त्यावर टिपणे काढतो.

हे सारे चालू असताना बाबा एकदाच बोलले होते. गावाकडे आमची पाऊण एकर भातशेती आहे. ते म्हणाले, “लावणीचा दिवस शेजाऱ्याकडे बघून ठरत नाही, आपलं रोप बघून ठरतो.” रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की ते लावायचे. आणखी चांगल्या पावसाची वाट पाहत बसले तर ते वाफ्यातच म्हातारे होते, त्याला फुटवे कमी येतात, आणि मग पाऊस कितीही चांगला पडला तरी पीक हलकेच. मी तेव्हा मनात म्हटले होते की बाबांना संगणकातले काय कळते. मी कंपन्यांचे वेळापत्रक पाहत होतो. ताईचे काम केव्हा लावणीला आले आहे, हे मी पाहिलेच नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल त्यांनी चौकशीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: काम नेमके काय आहे, ते आज अडते आहे का, आणि अडत असेल तर महिन्याला किती रुपयांचे अडते. हा तिसरा आकडा आणि थांबल्याने वाचणारी रक्कम शेजारी शेजारी मांडावी. उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

ते वकील परत आलेले नाहीत. दोन नवे मात्र आले आहेत. हा लेख ताईनेच नव्या संगणकावर टाइप करून दिला. माझ्या हस्तलिखितात मी थांबण्याचे महिने सोळा लिहिले होते. तिने वही उघडून पाहिली आणि ते अठरा केले.