रेवामाईचं गाणं गाणारा बँड

कामरेजजवळ तापी ओलांडून महामार्गाने उत्तरेला निघालं की भरूचला नर्मदा लागते. सुरतेच्या या पट्ट्यात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेल्या खानदेशी माणसांना दोन्ही नद्या माहेरच्या. तापी भुसावळकडून येते आणि नर्मदा अक्कलकुवा-अक्राणीची हद्द राखत येते. भारतातल्या स्वतंत्र रॉक बँडांपैकी सर्वांत मानाचा बँड घडला तो दिल्लीत, पण त्याच्या एका लाडक्या गाण्याचं मूळ याच नर्मदाकाठी आहे. तो बँड म्हणजे ‘इंडियन ओशन’.

सुस्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला, एवढ्या भांडवलावर 1990च्या सुमारास बँड उभा राहिला. त्या काळी आपल्याकडे रॉक म्हणजे इंग्रजी गाणी आणि परदेशी बँडांच्या चालींची हुबेहूब नक्कल. कॉलेजच्या मंचावर टाळ्या त्यालाच पडत. या मंडळींनी पहिल्यापासून स्वतःचंच वाजवलं. असीम मांडी घालून बसायचा आणि तबला वाजवता वाजवताच खड्या आवाजात गायचा. ढोलकीवर हात असताना गळ्याने तान घेणं किती अवघड, हे तमाशा-भजनांत वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

थोड्याच काळात राहुल राम बेस गिटार घेऊन आला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून परतलेला हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात उतरला होता. त्या आंदोलनाने विरोध केलेल्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत मणिबेली पहिलं. तिथल्या लढ्याच्या बातम्या त्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांत सतत येत. राहुलने नर्मदा खोऱ्यातून आणलेलं लोकगीत पुढे बँडचं ‘मा रेवा’ झालं; रेवा म्हणजे नर्मदाच. कामरेजच्या उसालाही तापीवरच्या उकाई धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं आणि उकाईसाठीही गावं बुडाली. म्हणून हे गाणं इथे बसून ऐकताना मला ते नुसतं नदीचं स्तोत्र वाटत नाही.

एच.एम.व्ही.ने 1993 साली पहिला अल्बम काढला. तरी पुढची वाट मोकळी झाली नाही. 1 जानेवारी 1997 रोजी दिल्लीत पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मृत्यर्थ झालेल्या कार्यक्रमात बँडने वादन केलं. त्याचं ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने बँडने स्वतःच बाजारात आणलं. माझ्या मते या बँडचा खरा कणा इथे दिसतो. कंपनीला हवं तसं गाणं करून देण्यापेक्षा कॅसेट आपणच काढलेली बरी, असं त्यांनी ठरवलं आणि निभावलं.

मग 2000 साली टाइम्स म्युझिकने ‘कंडिसा’ काढला आणि चित्र पालटलं. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना. त्याच अल्बममध्ये ‘मा रेवा’ आणि गोरख पांडे यांची भोजपुरी रचना ‘हिल्ले ले’. कुठल्याही विक्री विभागाने डोळे मिटून नाकारावा असा हा ऐवज कॉलेजांच्या महोत्सवांत पोरांनी डोक्यावर घेतला. शब्द कळत नसतानाही हजारोंचा जमाव सोबत गात असे.

घराघरात नाव पोहोचलं ते सिनेमामुळे. अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत त्यांनी केलं. 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला चालू असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपटाचं प्रदर्शन रोखलं आणि तो थेट फेब्रुवारी 2007मध्ये पडद्यावर आला. पीयूष मिश्रांच्या शब्दांतलं ‘बंदे’ तोवर चित्रपटाच्या पुढे निघून गेलं होतं. नंतर ‘पीपली लाइव्ह’मधलं ‘देस मेरा’ आलं. 2015च्या ‘मसान’ची गाणीही त्यांचीच. त्यातलं ‘तू किसी रेल सी’ गायलं इंदूरच्या मराठी घरातल्या स्वानंद किरकिरेने.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम गेला. तबला आणि गळा एकाच माणसाचा, त्यामुळे ती जागा भरायला दोघे लागले: गायक हिमांशु जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. करोलबागच्या ज्या जुन्या बंगल्यात वर्षानुवर्षं तालीम चाले, त्याचाच पत्ता पुढच्या अल्बमला मिळाला: ‘16/330 खजूर रोड’. 2010पासून त्यातली गाणी एकेक करून इंटरनेटवर फुकट दिली, तीही नावाला बाजारात भाव आलेला असताना. 2013 साली सुस्मितनेही बँड सोडला, गिटार निखिल रावकडे आली. राहुल राम आणि ड्रमवरचा अमित किलम मात्र ठाम राहिले. 2023मध्ये ‘तू है’ हा नवा अल्बम आला. आजही कार्यक्रमात ‘मा रेवा’ची फर्माईश झाली की राहुल बेसच्या ठेक्यावर नर्मदेचं ते लोकगीत गातो.