चिया चलन आणि रेंगाळणारे प्लॉटिंग

बिटटोरंटचे जनक ब्रॅम कोहेन यांच्या कंपनीने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘चिया’ या आभासी चलनात प्रोसेसरच्या गणनशक्तीऐवजी हार्ड डिस्कवरील जागा पणाला लागते, आणि ती जागा गूढांकांच्या तक्त्यांनी आधीच भरून ठेवण्याच्या क्रियेला प्लॉटिंग म्हणतात. मूळ पद्धतीत के-३२ आकाराचा तयार प्लॉट सुमारे १०९ गिगाबाइट जागा व्यापतो. मात्र तो घडत असताना तात्पुरत्या फायलींना सुमारे २५६ गिगाबाइट लागतात. या फायली पुनःपुन्हा लिहिल्या, क्रमवार लावल्या आणि वाचल्या जात असल्यामुळे, जिचा वाचक-काटा प्रत्यक्ष हलावा लागतो अशी हार्ड डिस्क येथे कमी पडते. एकाच डिस्कवर अनेक प्लॉट एकाच वेळी सुरू केल्यास तर सगळेच रखडतात. म्हणून तात्पुरत्या फायली वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर ठेवून तयार प्लॉट स्वस्त हार्ड डिस्कवर हलवावा, हा एक चांगला उपाय होय. नंतरच्या ‘शेती’त, म्हणजे जाळ्याकडून येणाऱ्या आव्हानांना उत्तर शोधताना, वाचन अत्यल्प असल्याने संथ डिस्कही पुरते. परंतु अखंड लेखनाने एसएसडीचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे रोजच्या कामाच्या संगणकातील एसएसडी वाचकांनी प्लॉटिंगला मुळीच जुंपू नये.