अळी कोणाची?

पत सांभाळताना : भाग ६

ऑक्टोबर २००३. दिवाळी जेमतेम तीन आठवड्यांवर आली होती. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये जिवंत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झालेला माल जप्त केला. बातमी देशभर गेली. दूरचित्रवाणीवर तीच चित्रं दिवसभर फिरत राहिली.

कंपनीचं पहिलं उत्तर असं होतं : कारखान्यातून निघताना माल चांगला होता, दुकानांत तो नीट ठेवला गेला नाही म्हणून अळी लागली.

यात तथ्य नव्हतं असं मुळीच नाही. त्या काळचं किराणा दुकान आठवून पाहा. गल्ल्याशेजारी चॉकलेटं, खाली तांदळाची आणि शेंगदाण्याची पोती, मागच्या फळीवर रवा-मैदा. रव्याला जाळी धरते ती ज्या बारक्या पाखरांमुळे, तीच पाखरं चॉकलेटजवळही येतात. आणि चॉकलेटचं वेष्टन कसं होतं? आत चंदेरी कागद, तोही नुसता दुमडलेला, आणि वर छापील कागदाची पट्टी. आम्ही लहानपणी नखाने ती घडी अलगद उलगडून एक तुकडा काढायचो आणि पुन्हा अशी मिटवायचो की घरात कोणाला कळायचं नाही. जिथे मुलाचं नख शिरतं तिथे अळीला कोण अडवणार?

अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त उत्तम खोब्रागडे यांनी नेमकं याच घडीवर बोट ठेवलं. माल दुकानात बिघडला असं धरून चाललं, तरी वेष्टन हवाबंद का नव्हतं, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे कसंही पाहिलं तरी जबाबदारी उत्पादकाकडेच येत होती. या प्रश्नानंतर कंपनीचं उत्तर खरं असूनही टिकलं नाही.

या लेखमालेत मी पुन्हा पुन्हा ज्या गोष्टीकडे येतो ती इथे अगदी स्वच्छ दिसते. हातात चॉकलेट घेऊन उभ्या असलेल्या आईला अळी कोणामुळे लागली हे नंतर कळलं तरी चालतं. तिचा प्रश्न त्या क्षणाचा असतो : हे पोराला देऊ की नको? ‘चूक आमची नाही’ हे वाक्य तिच्या प्रश्नाला शिवतही नाही.

मागच्या आठवड्यात आपण टायलेनॉलचं प्रकरण पाहिलं. १९८२ साली शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल घेऊन सात माणसं दगावली. तिथेही कारखान्याचा दोष नव्हता. विष बाटल्या दुकानात पोचल्यावर कोणीतरी घातलं होतं. जॉन्सन अँड जॉन्सनला हे म्हणत बसता आलं असतं. जेम्स बर्क यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरहून अधिक नुकसान सोसलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिहेरी सीलबंद बाटली आणली. कॅडबरीच्या प्रकरणात जीवितहानी नव्हती, त्यामुळे दोन्ही संकटं एका तराजूत घालता येत नाहीत. पण दोष दुकानात आणि उपाय वेष्टनात, हे दोन्हीकडे सारखंच आहे. फरक पडला तो पहिल्या वाक्यात.

त्या पहिल्या वाक्याने कॅडबरीचं आणखी एक नुकसान केलं, ज्याची चर्चा फारशी होत नाही. त्यात दोष दुकानदाराला दिला होता. गिऱ्हाईक मात्र विचारतं त्यालाच. ‘काय हो, घ्यायला हरकत नाही ना?’ ज्याला कंपनीने कालच पेपरातून बोल लावला, तो आज गल्ल्यावर बसून तिची बाजू कशाला घेईल? सणासुदीत जिथे विक्री वाढायची तिथे ती सुमारे ३०% घसरल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. त्यात या दुखावलेल्या दुकानदारांचा वाटा होता, असं मला वाटतं.

पुढे मात्र कंपनी सावरली, आणि तेही मन लावून. काही आठवडे जाहिराती थांबवल्या. ही समजूतदार गोष्ट होती. बातमीत अळी आणि लगेच पुढे आनंदाने चॉकलेट खाणारं कुटुंब, हे कोणाला पाहवलं असतं? मग ‘विश्वास’ नावाची मोहीम निघाली. मोठ्या संख्येने दुकानदारांपर्यंत माणसं पाठवून साठवणुकीची माहिती दिली, माल तपासला. जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आलं : चंदेरी कागद उष्णतेने चिकटवून बंद केलेला, त्यावर प्लास्टिकचं बंद पाकीट. यंत्रं आयात करायला सुमारे १५ कोटी रुपये लागले, वेष्टन महागलं, पण चॉकलेटची किंमत वाढवली नाही. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले.

हा क्रम ध्यानात घ्या. लोकांना बच्चन आठवतात, म्हणून संकट आलं की पहिला फोन जाहिरात संस्थेला जातो. पण ऑक्टोबरमध्येच बच्चन आले असते, तर त्यांच्या हातात तीच दुमडलेली चांदी असती.

तुमची डेअरी असेल, मिठाईचं दुकान असेल, मुलांना डबा पुरवणारा बचत गट असेल, तर पहिलं निवेदन लिहिताना इतकंच आधी लिहा : ‘अमुक तारखेचा माल खाऊ नका. आणून द्या, पैसे परत मिळतील. तपासणी सुरू आहे, परवा संध्याकाळी पाच वाजता पुन्हा सांगतो.’ आणि परवा पाच वाजता खरोखरच सांगा, तपासणी पुरी झाली नसेल तर तेवढंच सांगा. कोणाची चूक, ते अहवाल हातात आल्यावर पाहता येतं. विक्रेत्यांनाही ही खबर तुमच्याकडूनच मिळू द्या, आणि पेपरात येण्याआधी.

२००४ च्या त्या जानेवारीत दुकानदाराच्या हातातही बोलण्यासारखं काहीतरी आलं. ‘चांगलं आहे ना?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकासमोर त्याला पाकीट उलटं करून चारी बाजू दाखवता येऊ लागल्या. ‘बघा, आता कुठूनच उघडं नाही.’