मत्स्यालयातील पाण्याचा सामू कसा पाहावा

वर्गातील काचेच्या टाकीत गप्पी मासे सोडावेत, मुलांनी त्यांना हौसेने, बहुधा गरजेपेक्षा अधिकच, खाऊ घालावे आणि आठवड्याभरात एके सकाळी दोन मासे निपचित तरंगताना आढळावेत, असा प्रसंग पुष्कळ शाळांत घडतो. मग ‘पाण्याचा सामू बिघडला असेल’ असे कोणी सुचवितो व टाकीत चिमूटभर सोडा पडतो. परीक्षा न करता केलेला हा उपाय उरलेल्या माशांच्या जिवावर बेतू शकतो.

सामू, म्हणजेच पीएच, हे पाण्याच्या आम्लतेचे वा अल्कधर्मितेचे माप होय. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन या शास्त्रज्ञाने ते प्रचारात आणले. ७ हा अंक उदासीन पाण्याचा. त्याखाली आम्लता, त्यावर अल्कधर्मिता. एका अंकाचा फरक हा दहापट फरक असतो. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या खाद्यातून टाकीत अमोनिया तयार होतो. २५ अंश सेल्सिअस तपमानास सामू ७ असता त्यातील शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ होताच तो शेकडा पाचांवर जातो. मळलेल्या टाकीत सोडा टाकण्याचा धोका तो हाच.

परीक्षेसाठी प्रथम आठवतो तो शाळेच्या कपाटातील लिटमस कागद. परंतु लिटमसचा रंग सुमारे ४.५ ते ८.३ एवढ्या विस्तारात हळूहळू पालटतो आणि माशांच्या पाण्याचा सामू बहुधा त्याच्या आतच असतो. हळदीचा कागदही पाणी बरेच अल्कधर्मी झाल्याशिवाय तांबूस होत नाही. आम्ल व अल्कली यांची ओळख करून देण्यास ही साधने उत्तम. टाकीसाठी ती स्थूल ठरतात. रंगपट्ट्या सोयीच्या खऱ्या, पण दमट हवेत डबी उघडी राहिली की त्यांचा भरवसा उरत नाही.

शाळेस सर्वांत सोयीचे साधन म्हणजे थेंबांचे दर्शक द्रावण. लहान परीक्षानळीत टाकीतील पाणी घेऊन त्यात सांगितले असतील तेवढेच थेंब टाकावेत आणि पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात, रंग तक्त्याशी ताडून पाहावा. येथे एक चूक वारंवार होते. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक ६.० ला पिवळा व ७.६ ला निळा असतो. त्यापुढे तो निळाच राहतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळदा ८ च्या आसपास असते. तेथे निळा रंग पाहून ‘७.६’ अशी नोंद करणे व्यर्थ होय. अशा गावी क्रेसॉल रेडसारखा, ७.२ ते ८.८ या टप्प्यात पिवळ्याचा लालसर जांभळा होणारा दर्शक घ्यावा.

पेनासारखे विद्युत् मापक अंक थेट दाखविते, म्हणून ते अचूकच असेल असा समज होतो. सामू ४ व ७ च्या प्रमाण द्रावणांत ते वरचेवर जुळवून घ्यावे लागते व त्याचे काचेचे टोक कोरडे पडू द्यायचे नसते. एवढी निगा होणार नसेल तर थेंबच बरे.

परीक्षेची वेळ मात्र ठरलेली असावी. रात्री मासे व वनस्पती यांच्या श्वसनाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू उतरतो. दिवसा वनस्पती तो शोषून घेतात व सामू चढतो. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घातलेल्या हिरवट-निळ्या पाण्यात नळीने फुंकर घातली असता पाणी पिवळे होते, हे मुलांना दाखवावे. द्रावण तोंडात जाणार नाही याची दक्षता घ्यावी. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यातही हा वायू विरघळलेला असतो, म्हणून ते एक दिवस उघडे ठेवून मगच तपासावे.

७ ते ८ च्या दरम्यान गप्पी मासे सुखाने राहतात. सामू त्याबाहेर गेल्यास किंवा दोन दिवसांत एकदम ढळल्यास औषधे न घालता उरलेले खाद्य काढावे आणि चौथा हिस्सा पाणी बदलून, मुरवून ठेवलेले पाणी सावकाश ओतावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा परीक्षा करून अंक वहीत मांडावा.